दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवण्याच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. मास्तरांनी या दुसऱ्या ब्रेकवर एकोणीस वर्षं काढली होती. उजवा पाय कायम त्याच्यावर चार बोटं अधांतरी. सवय हाडात गेली होती. घरी जेवताना मुंगीनं पाण्याचा ग्लास जरा तिरका धरला, की टेबलाखाली त्यांची चप्पल फरशीवर आपटायची. फट्. मुंगी ग्लास खाली ठेवायची.

मुंगी म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रांगायला लागल्यावर हाती लागेल ते ओढत न्यायची, म्हणून हे नाव चिकटलं. ही ओढणारी मुंगी अलीकडे कुठलीच गोष्ट सुरू करेनाशी झाली होती. "करू?" हा तिचा दिवसभराचा शब्द. मोजे घालू? पान उलटू? एकदा तर आईनं काहीतरी गमतीचं सांगितलं आणि हिनं विचारलं, "हसू?"

शाळेत पेपर कोरे. येत नाही म्हणून नव्हे. तोंडी विचारलं तर सतराचा पाढा धाडधाड म्हणायची. पण पेन्सिल टेकवण्याआधी ती बाईंकडे बघायची, आणि चाळीस मुलांच्या बाई एकेका अक्षराला मान कशी डोलावणार? बाईंनी शेवटी सांगून टाकलं : पुढच्या चाचणीचा कागदही कोरा आला, तर हिला याच वर्गात बसवावं लागेल. तिच्या बाकावरची मैत्रीण पुढे जाईल, ही मागे राहील.

एवढ्यासाठी खेळताई. आणि एवढ्यासाठी हे पिवळं कार्ड.

मास्तरांच्या क्लासात प्रत्येक शिकाऊ माणसाचं एक कार्ड असतं. ओळीनं धडे, आणि प्रत्येक धड्यापुढे 'शेरा' असा रकाना. घरी काय घडलं ते लिहून आणा, असं खेळताईंनी सांगितलं तेव्हा मास्तरांना दुसरा कागद सुचला नाही.


*धडा १. गाडीत बसण्याआधी*

खेळताईंची खोली ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर होती. खाली दिवसभर वाफेच्या इस्त्र्या चालायच्या, त्यामुळे वरची फरशी कोमट असायची आणि मुलं आल्या आल्या मोजे काढून टाकायची. गुडघ्याएवढ्या फळ्यांवर बाहुल्यांचं कुटुंब, दोन टेलिफोन, डॉक्टरची पेटी, मातीचा डबा, एक मगर. कोपऱ्यात वाळूचा मोठा ट्रे. गेल्या आठवड्यात मगर जिथे होती तिथेच ती या आठवड्यातही सापडली पाहिजे, एवढी एकच शिस्त. तीही मुलांना नव्हे, ताईंना.

खेळताई हे नाव मुलांनी पाडलेलं. खेळातून मुलांवर उपचार करण्याचं त्यांचं रीतसर शिक्षण झालं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर होतं. त्याच्या काचेवर कुणीतरी मगरीचं चित्र चिकटवलं होतं आणि ताईंनी ते काढलं नव्हतं.

सहा आठवडे ताई मुंगीबरोबर खेळल्या. सातव्या आठवड्यात त्यांनी मास्तरांना आत बोलावलं. खुर्ची नव्हतीच. मास्तर एका उशीवर गुडघे छातीशी घेऊन बसले.

"आता तुमची पाळी," ताई म्हणाल्या.

"माझी? मला काय झालंय?"

"काही नाही. आठवड्यातून अर्धा तास घरी तुम्ही तिच्याशी खेळायचं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली पेटी. कसं ते मी शिकवते."

"आता खेळायलासुद्धा शिकायचं?"

"तुम्ही चालवायला शिकवताच ना? पाय तर सगळ्यांनाच असतात."

ही बाई आपल्याच वळणाची आहे, असं मास्तरांना वाटलं. तरी त्यांनी एकदा अंग काढून बघितलं. "त्यापेक्षा हिची आई बरी नाही का? ती दवाखान्यात पोरांचं रक्त काढते. सुई टोचली ते पोरांना कळतसुद्धा नाही."

"मुंगी इथे काहीही करायच्या आधी दाराकडे बघते. दाराबाहेर बाकावर कोण बसलेलं असतं?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे झालं हे."

"आपण पंचनामा करत नाही आहोत, मास्तर. ज्याच्याकडे ती बघते त्याच्याकडूनच तिला ते लवकर मिळेल, एवढंच."

त्यांनी एका चिठ्ठीवर चार नियम लिहून दिले. विचारायचं नाही. शिकवायचं नाही. सुधारायचं नाही. शाबासकी द्यायची नाही. अर्धा तास मुंगी मालक. तुम्ही फक्त दिसेल ते बोलायचं : तू लाल घेतलास, तू विचार करतेयस. तिनं तुम्हाला खेळात काही व्हायला सांगितलं, तर काय करायचं ते हळूच तिच्याच कानात विचारायचं. तेवढा एक प्रश्न माफ. कुणाला लागणार असेल तरच थांबवायचं. आणि संपायला पाच मिनिटं उरली की सांगायचं.

पहिले तीन नियम मास्तरांना पटले नाहीत, पण कळले. चौथा लिहिताना चुकला असावा, असं त्यांनी धरून चाललं.

घरी मुंगीच्या आईनं चिठ्ठी दोनदा वाचली. "अहो, हे तुम्हाला जमणार? भाजीत मीठ कमी आहे हे तुम्ही घास तोंडात जायच्या आधी सांगता."

"दिसतं मला ते."

"तेच तर. आता दिसलं तेवढंच बोला."

शेरा : पेटी तयार. ठोकळे, माती, खडू, बाहुल्या, दोरी. शिकाऊ व्यक्ती घाबरलेली.


*धडा २. क्लच*

रविवार, सकाळचे दहा. चटई. मध्ये पेटी. मुंगीनं पेटीकडे बघितलं, मग बाबांकडे. "उघडू?"

बाहेर आलं : ते तू ठरवायचं.
तोंडात राहिलं : उघड की. आत काय वाघ बसलाय?

बाहेर आलं : तू पेटीवर हात ठेवलास.
तोंडात राहिलं : चार मिनिटं गेली नुसती.

बाहेर आलं : तू ठोकळा काढलास.
तोंडात राहिलं : मोठा घे. पाया मोठा लागतो.

बाहेर आलं : तू छोटा खाली ठेवलास.
तोंडात राहिलं : पडणार.

बाहेर आलं : तू मोठा त्याच्यावर ठेवतेयस.
तोंडात राहिलं : पडणार पडणार पडणार

बाहेर आलं : पडला.
तोंडात राहिलं : काही नाही. पण पाय दाबला गेला होता. फट्. मुंगीनं हात मागे घेतला आणि उरलेला वेळ तो मांडीवरच ठेवला.

ताईंनी कार्ड वाचलं. 'शिकाऊ व्यक्तीचं नाव' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मास्तरांनी तिथे 'मुंगी' लिहिलं होतं.

"इथे चूक झालीय," ताई म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

मास्तरांनी मुंगी खोडलं. स्वतःचं नाव लिहिलं ते सही केल्यासारखं उमटलं.

शेरा : चप्पल काढून बसणे.


*धडा ३. चढावर गाडी सोडणे*

दुसऱ्या रविवारी ती नुसतेच ठोकळे मोजत बसली. तिसऱ्या रविवारी मुंगीनं पूल केला.

दोन बाजूंना तीन-तीन ठोकळे, वर एक आडवा, खालून दोरीची नदी, आणि पुलावर बाहुल्यांतली आजी. एकदाही "करू?" नाही. मास्तरांचा पाय अनवाणी होता आणि शांत होता. मग आजी पुलाच्या मधोमध उभी राहिली, आणि एकोणीस वर्षांत न उच्चारलेला शब्द मास्तरांच्या तोंडून निसटला.

"शाब्बास. काय झकास पूल केलास."

क्लासात त्यांची शाबासकी म्हणजे न ओरडणं. त्यामुळे हा शब्द त्यांना स्वतःलाच इतका गोड लागला की त्यांनी तो पुन्हा म्हटला. मुंगीचा चेहरा फुलला. संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "सुटली गाडी. चढ संपला."

चौथ्या रविवारी मुंगीनं पूल केला. तोच. डावीकडे लाल, उजवीकडे निळे, मधोमध आजी.

पाचव्या रविवारी मुंगीनं तोच पूल तीन मिनिटांत केला आणि हात मांडीवर ठेवून बाबांच्या तोंडाकडे बघत बसली. सत्तावीस मिनिटं. पूल झाला होता. आता दुसरं काही करून हातचा शाब्बास कोण घालवणार?

"चौथा नियम वाचला होता ना?" ताईंनी विचारलं.

"मला वाटलं, लिहिताना चुकलं."

ताई हसायला लागल्या. पहिल्यांदाच हसत होत्या त्या, आणि त्यात त्यांना खोकला आला. "मास्तर, तुमच्या गाडीत एखाद्याला वळणावर शाब्बास म्हटलं, तर तो पुढच्या वेळी काय करेल?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तिथेच, तसाच वळेल. रस्ता वेगळा असला तरी."

"मग?"

"मग मी पाय काढून तोंडानं ब्रेक लावला म्हणायचा." ते उशीवर आणखी खाली गेले. "आता काय करू? ती सारखी माझ्या तोंडाकडेच बघते."

"बघू दे. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघू नका, पुलाकडे बघा. तिची नजर तुमच्या मागोमाग येईल. आणि वाट बघा."

"वाट बघतोच की. रोज सिग्नलला उभा असतो."

"तिथे तुम्ही वाट बघत नाही. सेकंद मोजता."

हे खरं होतं. "चाचणी पुढच्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी आहे," मास्तर म्हणाले. "दोनच रविवार उरलेत. ती मागे राहिली तर?"

"दोनच आहेत," ताई म्हणाल्या.

शेरा : गाडी मागे घरंगळली. चूक शिकाऊ व्यक्तीची.


*धडा ४. रिव्हर्स*

१०.०३ पूल.
१०.०४ पूल. ती माझ्याकडे. मी पुलाकडे.
१०.०५ तेच.
१०.०७ निळ्या ठोकळ्याचा एक कोपरा उडालाय. आधी दिसला नव्हता.
१०.०८ "बाबा, झाला पूल." "पूल झाला."
१०.०९ "चांगलाय?" उत्तर तोंडात. दात घट्ट.
१०.१० "तुला तो कसा वाटतोय ते तुलाच माहीत."
१०.११ ते १०.१४ घड्याळ बंद पडलं असावं. नाही. चालू आहे.
१०.१५ तिनं पुलाकडे बघितलं.
१०.१६ एका बोटानं मधला ठोकळा ढकलला. सगळं कोसळलं. आजी नदीत. पाय दाबला, पण अनवाणी. आवाज नाही. "आजी पाण्यात पडली."
१०.१७ मुंगी हसली. विचारलं नाही.

शेरा : एवढंच.


*धडा ५. गर्दीत*

चाचणीच्या आधीचा रविवार. मुंगीनं पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. ती स्वयंपाकघरातून एक खुर्ची ओढत घेऊन आली, मग दुसरी. त्या शेजारी शेजारी लावल्या. मग पातेल्यावरचं झाकण आणलं आणि शेवटी दाराशी जाऊन बाबांची उजवी चप्पल. चप्पल तिनं डाव्या खुर्चीपुढे ठेवली आणि तिथे स्वतः बसली. पाय पोचेना, म्हणून खुर्चीच्या कडेवर सरकली.

"ओ काका, इकडे बसा. हे घ्या स्टिअरिंग."

मास्तर बसले. तिच्या कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मी काय करायचं?"

"चुकायचं," तिनंही कुजबुजत सांगितलं. "सारखं."

मास्तरांची पंचाईत झाली. आजवर हजारो चुका त्यांनी शेजारी बसून पाहिल्या होत्या. स्वतः एकही केली नव्हती. त्यांनी झाकण जरा उजवीकडे फिरवलं.

"काका, आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?"

मास्तरांनी दचकून वर बघितलं. आवाज मुंगीचा होता. वाक्य त्यांचं होतं. हिनं कधी ऐकलं? शाळेतून येताना मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची, तेव्हाच. रोज.

"स्टिअरिंग धरलंय की त्याला लोंबकळताय?" फट्. चप्पल दाबली गेली. "रस्ता काय तुमच्या सासऱ्याचा आहे?" फट्. "थांबा. सगळं चुकलं. पहिल्यापासून."

पहिल्यापासून. फट्. पुन्हा पहिल्यापासून. फट्. मुंगी खुशीत होती. तिचे कान लाल झाले होते. दाराशी तिची आई येऊन उभी राहिली होती आणि तोंडावर पदर नव्हता म्हणून हाताचा पंजा धरून हसत होती. एका वळणावर मास्तरांचाही पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

"काका. दुसरा ब्रेक तुमच्याकडे नाहीये," मुंगी म्हणाली. "तो माझ्याकडे आहे."

आठव्या की नवव्या खेपेला अशी गंमत झाली की मास्तरांना झाकण फिरवेना. डावीकडे न्यावं तर फट्, उजवीकडे न्यावं तर फट्. खेळच होता, समोर भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं, तरी त्यांचे तळहात ओले झाले. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वळू?"

नाटक करून नव्हे. खरोखरच विचारलं त्यांनी.

मुंगी एकदम थांबली. हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिनं बाबांकडे बघितलं, झाकणावर घट्ट आवळलेल्या त्यांच्या बोटांकडे बघितलं. मग खाली वाकून पायाखालची चप्पल काढली आणि मागे चटईवर टाकून दिली.

"ते तुम्ही ठरवायचं," ती म्हणाली.

मास्तर वळले. कुठे वळले ते त्यांनाही कळलं नाही.

"भिंतीत घुसलो," मुंगीनं शांतपणे सांगितलं.

"भिंतीत घुसलो," मास्तर म्हणाले.

"मग आता उतरायचं आणि गाडी धुवायची."

दोघांनी गाडी धुतली. खुर्च्यांच्या पायांना साबण लावला, वाऱ्यावर वाळवली, पेट्रोल भरलं, पुन्हा निघाले. आजीला मागच्या सीटवर घेतलं. आजीला गाडी लागली. शेवटी मुंगीनंच घड्याळाकडे बघितलं.

"बाबा, तू पाच मिनिटं सांगायला विसरलास. सात मिनिटं जास्त झाली."

"अरे, चुकलो मी."

"चालतं," मुंगी म्हणाली आणि खुर्ची ओढत स्वयंपाकघरात निघाली.

रात्रीपर्यंत मास्तरांनी कार्ड उघडलं नाही. जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसले, तर शेऱ्याच्या रकान्यात आधीच काहीतरी होतं. पेन्सिलीनं, ओळ सोडून वर चढत गेलेलं. कुणाला दाखवलेलं नाही, कुणाला विचारलेलं नाही.

शेरा : काका सारखे चुकतात. पण रडत नाहीत. उद्या या.

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. बायकोला हाक मारली नाही, मुंगीला उठवलं नाही. शाब्बास अगदी ओठांपर्यंत आला होता. तो त्यांनी पाण्याबरोबर घेतला.


*परीक्षा*

मंगळवारी सकाळी गाडीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी चौकात गाडी तीनदा बंद पाडली. मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला.

"मास्तर, आज तब्येत बरी नाही का?" बाईंनी घाम पुसत विचारलं. "ओरडला नाहीत."

"तुम्ही चावी फिरवलीत," मास्तर म्हणाले.

"हो, फिरवली. मग?"

"मग काही नाही. दिसलं ते बोललो." त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. शाळेत आता कागद वाटले असतील. पाय ब्रेकवर होता, कारण इथे तो खरा होता आणि चौकही खरा होता.

कागद शुक्रवारी हातात आला. दहा गणितं. तीन कोरी. सात सोडवलेली. त्या सातांतली दोन चूक, आणि एक इतक्या वेळा खोडलेलं की कागदातून पलीकडचं दिसत होतं. खाली वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं : कोरा नाही. पुढच्या वर्गाच्या यादीत नाव ठेवते आहे. रविवार चालू राहू द्या.

मुंगीच्या आईनं ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि भाजी वाढायची विसरली.

कागद टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी होता. चौथं गणित मास्तरांच्या बरोबर समोर. आठ साते चोपन्न.

फट्.

टेबलाखाली चप्पल आपटली. मास्तरांनी डोळे मिटले. मुंगीच्या हातात ग्लास होता, अर्धा तिरका. तिनं तो खाली ठेवला नाही. मान वाकवून तिनं टेबलाखाली बघितलं.

"तिकडे ब्रेक नाहीये, बाबा."

"माहीत आहे."

"मग कशाला दाबतोस?"

"जाईल सवय. एकोणीस वर्षांची आहे."

"माझ्यापेक्षा मोठी आहे," मुंगी म्हणाली. तिला ते पटलं असावं. तिनं ग्लास तोंडाला लावला, हसू आलं म्हणून काढला, आणि पाण्याचा एक ओघळ कागदावर गेला. चौथं गणित फुगलं. चोपन्नातला चार पसरत पसरत तांब्याकडे निघाला.

आई काही बोलणार होती. मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"पाणी सांडलं," ते म्हणाले.

"हो, सांडलं," मुंगी म्हणाली, आणि फडकं आणायला उठली.